काळ्या डोक्याचा भारीट : ज्वारी आणि स्थलांतर

फिंच पक्ष्यांच्या निकटच्या कुळातील हा धान्यभक्षक पक्षी आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यात वीण करतो. युरोपातील अनेक स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेकडे वळतात. हा मात्र पूर्वेकडे, भारतात येतो. दख्खनच्या ज्वारीवर त्याचे मोठे थवे उतरतात (गोफणीचा धाक त्यांना क्षणभरच!) व रात्री काटेरी झुडपांत विसावतात. वसंतात दिवस वाढू लागताच त्याचा आहार वाढून अंगी मेद साठतो. परतीच्या प्रवासाचे इंधन तेच. दिनमानाचा हा परिणाम लखनौ विद्यापीठातील प्रयोगांतही अभ्यासिला गेला आहे. रब्बी ज्वारीची काढणी याच सुमारास होते, हे येथे महत्त्वाचे. वारूळवाडीच्या परिसरात, जुन्नर-आंबेगावात, पाटपाण्याबरोबर ऊस, द्राक्षे व टोमॅटो वाढले. मेद साठविण्याच्या ऐन वेळी त्या शेतांत भारीटास वेचावयास ज्वारीचा दाणा नसतो.