आठवड्याचे पन्नास मैल

सप्टेंबर 1955मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा बॉस्टनहून डॉ. पॉल डडली व्हाइट यांना बोलावून घेण्यात आलं. झटका आला की माणसाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवायचं आणि बरा झाल्यावरही ‘आता जपा’ म्हणून घरी बसवायचं, असा तो काळ. व्हाइट यांचं मत नेमकं उलटं होतं. हृदय हा स्नायू आहे, त्याला काम हवं, असं ते रुग्णांना सांगत आणि उतारवयातही स्वतः सायकल चालवत. आयझेनहॉवर पुढच्याच वर्षी पुन्हा निवडून आले. व्हाइट यांचं नाव मात्र बॉस्टनकरांच्या तोंडी वेगळ्या कारणाने राहिलं. चार्ल्स नदीच्या दोन्ही काठांनी जाणारा सायकलमार्ग त्यांच्या नावाने ओळखला जातो.

विज्ञान संग्रहालयापासून निघायचं, वॉटरटाउनपर्यंत एका काठाने जायचं, पूल ओलांडून दुसऱ्या काठाने परतायचं. ही फेरी साधारण 27 किलोमीटरची. 1910 साली मुखाशी धरण झाल्यापासून इथली नदी तलावासारखी शांत आहे आणि वाटही सपाट. बॉस्टन युनिव्हर्सिटी पुलाखाली ही वाट लाकडी फळ्यांवरून थेट पाण्यावर जाते; फळ्या चाकाखाली खडखडतात आणि समोरून कोणी आलं तर दोघांनाही वेग कमी करावा लागतो. कुठे कॅनडा गूज जातीचे हंस वाट अडवून बसलेले असतात. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात रविवारी केंब्रिजच्या बाजूचा मेमोरियल ड्राइव्ह काही अंतरापर्यंत मोटारींना बंद असतो. मग लहान मुलं, आजीआजोबा, सायकली, सगळे रस्त्यावर.

या वाटेवरच्या हौशी सायकलस्वारांपैकी अनेकांचा आठवड्याचा हिशेब ठरलेला असतो: पन्नास मैल, म्हणजे सुमारे 80 किलोमीटर. आकडा गोल म्हणून निवडलेला वाटतो. पण याच नदीकाठी झालेल्या एका संशोधनाशी तो बऱ्यापैकी जुळतो.

हे संशोधन राल्फ पॅफनबार्गर यांचं. त्यांनी हार्वर्डच्या 16,936 माजी विद्यार्थ्यांकडून माहिती गोळा केली. रोज किती चालता, किती जिने चढता, कोणते खेळ खेळता. त्यावरून प्रत्येकाचा आठवड्याचा कॅलरीखर्च काढला. 1978मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: आठवड्याला 2000 कॅलरींपेक्षा कमी खर्च करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका, त्याहून जास्त खर्च करणाऱ्यांच्या तुलनेत 64 टक्के अधिक होता. अभ्यासात फक्त पुरुष होते आणि तो निरीक्षणावर आधारलेला होता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी त्यातला एक तपशील फार बोलका आहे. कॉलेजात विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, पण पुढे खुर्चीला चिकटलेले खेळाडू या फायद्याला मुकले. ज्यांनी हालचाल चालू ठेवली, त्यांच्याकडेच तो टिकला. तरुणपणीची पदकं हृदय जमेस धरत नाही.

आता 2000 कॅलरी म्हणजे सायकलवर किती? स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतं. सपाटीवर ताशी 16 ते 19 किलोमीटर वेगाने सायकल चालवताना हा खर्च जवळजवळ सातपट होतो. 70 किलो वजनाच्या माणसाला 27 किलोमीटरच्या फेरीला दीड तास लागला, तर सुमारे सातशे कॅलरी गेल्या. आठवड्यात अशा तीन फेऱ्या केल्या की 2000चा टप्पा ओलांडला आणि पन्नास मैलही भरले. वेळ लागला साडेचार तास. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची 2020ची शिफारस सांगते. आपला हिशेब तिच्या आतच बसतो.

मात्र किलोमीटर हे माप नदीकाठी फसवं ठरतं, कारण वारा. चार्ल्सचं पात्र खालच्या भागात रुंद आहे आणि वाऱ्याला आडोसा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सायकल ताशी 18 किलोमीटरने चालली आहे आणि समोरून ताशी 12 किलोमीटरचा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा 30च्या वेगाची आणि विरोध जवळपास पावणेतीनपट. येताना वारा पाठीशी असला तरी सगळी भरपाई होत नाही, कारण वाऱ्याविरुद्ध जाण्यात वेळ जास्त मोडतो. वारा पडलेला असतानाही 20वरून 25वर जायचं, तर नुसती हवा कापायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. म्हणून लक्ष्य गाठण्यासाठी वेग वाढवण्यापेक्षा वेळ वाढवणं स्वस्त पडतं. ज्यांच्या वहीत किलोमीटरशेजारी मिनिटांचाही रकाना असतो, त्यांचा हिशेब जास्त खरा.

आणि हिशेब आठवड्याचाच का? संशोधक एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी 1984मध्ये कसून सराव केलेल्या सात खेळाडूंचा व्यायाम बंद करून पाहिला. बाराच दिवसांत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारं रक्त दहा टक्क्यांहून जास्त घटलं. तीन आठवड्यांत शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सात टक्क्यांनी उतरली. शिल्लक झपाट्याने संपते, म्हणून वर्षाचं लक्ष्य डिसेंबरात उरकण्यात अर्थ नाही. पण रोजच सायकल काढली पाहिजे असंही नाही. ज्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये व्हाइट यांनी हयात घालवली, तिथल्याच संशोधकांनी 2023मध्ये ब्रिटनमधल्या 89,573 लोकांच्या मनगटावरच्या उपकरणांच्या नोंदी तपासल्या. आठवड्याचा बहुतेक व्यायाम एकदोन दिवसांत करणाऱ्यांनाही, तो आठवडाभर पसरवणाऱ्यांइतकाच हृदयविकार आणि पक्षाघातापासून बचाव मिळाल्याचं दिसलं. शनिवार-रविवारीच मोकळे असणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.

हौशी सायकलस्वारांत आणखी एक माप चालतं आणि ते अधिक चिवट आहे. केंब्रिजचे (हे इंग्लंडचं) खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी ते काढलं: निदान E मैलांच्या सफरी निदान E दिवस केल्या असतील, तर तुमचा आकडा E. एकाच दिवशी तीनशे मैल मारून तो फारसा हलत नाही. मोठी अंतरं पुन्हापुन्हा कापावी लागतात. श्वेत बटू ताऱ्यांच्या वस्तुमानमर्यादेवरून 1935मध्ये एडिंग्टन यांनी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं म्हणणं भर सभेत धुडकावून लावलं होतं. तरीही दोघांचा पत्रव्यवहार टिकला आणि त्यात सायकलीचा विषय असे. 1938च्या एका पत्रात एडिंग्टन कळवतात की आकडा 75वरच अडला आहे. ईस्टरला दोन सफरी झाल्या, पण पावणेपंचाहत्तर मैलांच्या, म्हणून त्या धरता आल्या नाहीत. 1944मध्ये ते गेले तेव्हा हा आकडा 84वर पोहोचला होता, म्हणजे किमान 84 दिवस, दर वेळी 135 किलोमीटर किंवा त्याहून जास्त.