मोजणीचे मोल

मी तुमच्याएवढा असतानाची ही गोष्ट. एके दिवशी खांद्याला पिशवी आणि हाती जाड कागदांची चळत घेतलेले एक गृहस्थ आमच्या गावी आले. ते सरकारी पाहणी खात्यातील अन्वेषक होते. गावातील काही मोजकी घरे पाहणीसाठी निवडली गेली होती आणि त्यांत आमचेही घर होते. ओटीवर बसून ते आईला एकेक प्रश्न विचारू लागले. गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती लागली? गोडेतेल किती आणले? मीठ, गूळ, रॉकेल, काडेपेट्या यांवर किती खर्च झाला? तासभर हा क्रम चालला होता. शेवटी आई हसून म्हणाली, "अहो भाऊ, आमच्या तेला-मिठाशी सरकारला काय करायचे आहे? आणि एवढे विचारण्यासाठी सरकार तुम्हांला पगार देते?"

तेही हसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरचा हिशेब ठेवता ना? तसाच सरकारही ठेवते. फक्त सरकारचे घर फार मोठे आहे."

आईचा प्रश्न दिसतो तेवढा साधा नव्हता. देशाची आकडेवारी गोळा करण्यासाठी जो पैसा लागतो, तो लोकांनी भरलेल्या करांतूनच येतो. त्याच पैशातून एखादी शाळा उभी राहील, एखाद्या गावाला रस्ता मिळेल. मग तो नुसत्या मोजणीवर का खर्च करावा? या प्रश्नाचा आज आपण विचार करू.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु त्यासाठी अंथरूण किती लांब आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. देश वर्षभरात किती कमावतो, हा हिशेब आपल्याकडे प्रथम मांडला तो दादाभाई नौरोजी यांनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी गणित शिकविले होते. सरकारी अहवालांत पिकांचे क्षेत्र, उत्पन्न व बाजारभाव यांचे आकडे विखुरलेले होते. ते वेचून व पारखून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की १८६७-६८ च्या सुमारास हिंदुस्थानात दरडोई उत्पन्न वर्षाला अवघे वीस रुपये होते. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रालाही यापेक्षा अधिक खर्च येत होता! देश संपन्न होत आहे, असे राज्यकर्ते सांगत असत. त्या बोलण्याला दादाभाईंनी एका आकड्याने उत्तर दिले. मात्र हे काम त्यांना इतरांनी जमविलेल्या अपुऱ्या आकड्यांवर करावे लागले. गावोगाव माणसे पाठवून नवी माहिती जमविणे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

आकडे जमविण्याचा खर्च टाळला तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण इतिहासात आहे. आपल्या मुंबई इलाख्यात शेतसारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई. म्हणून कोणत्या शेतात काय पिकले, याची नोंद ठेवणारा सरकारी नोकर गावपातळीवर असे. आजही आपल्या सातबाऱ्यावर पिकांची नोंद होते. बंगालमध्ये मात्र १७९३ साली जमीनदारांकडून घ्यावयाचा सारा कायमचा ठरवून टाकण्यात आला. सारा बदलावयाचाच नाही, तर पीक कशाला मोजावयाचे? तेथे गावोगाव नोंद ठेवणारी यंत्रणा उभी राहिलीच नाही आणि तिचा खर्चही वाचला. पुढे १९४३ साली बंगालवर भीषण दुष्काळ कोसळला आणि लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. त्या संकटाची कारणे अनेक होती. महायुद्ध, भडकलेले भाव, साठेबाजी आणि सरकारची दिरंगाई ही त्यांतील काही. परंतु प्रांतात भात नेमके किती पिकले आहे, हे भरवशाने सांगू शकेल असा आकडाही सरकारजवळ नव्हता. मोजणीचा वाचविलेला पैसा किती महाग पडू शकतो, हे यावरून ध्यानात येते.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, भारत सरकारने राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज करण्यासाठी एक समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस हे तिचे अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि प्रा. व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सभासद होते. समिती कामाला लागली, तेव्हा मोठीच अडचण उभी राहिली. कारखान्यांचे व रेल्वेचे आकडे मिळत होते. परंतु खेड्यातील सुतार, कुंभार, विणकर, लहान दुकानदार यांच्या मिळकतीची नोंद कोठेच नव्हती. देशातील बहुसंख्य लोक तर असेच होते. मग हिशेब पुरा व्हावा कसा?

घरोघर जाऊन विचारणे हा एक मार्ग. पण कोट्यवधी घरांत वारंवार माणसे पाठवावयाची तर सरकारची तिजोरीच रिकामी व्हावी! येथे संख्याशास्त्र मदतीला आले. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. भात शिजला की नाही, हे पाहण्यासाठी आई सारे भांडे चिवडीत बसत नाही. चार शिते दाबून पाहते. त्याचप्रमाणे थोडी गावे व थोडी घरे नीट निवडून त्यांची बारकाईने पाहणी केली, तर साऱ्या देशाचा अंदाज बांधता येतो. हीच नमुना पाहणी होय. १९५० साली भारतात राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत पाच लाखांहून अधिक खेड्यांतून सुमारे अठराशे खेडी निवडण्यात आली. मुंबई राज्यातील खेड्यांची पाहणी गोखले संस्थेने केली. हे काम तेव्हा अर्थमंत्रालयाच्या अखत्यारीत होते, आणि अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली होती, त्यालाच मोजणीचे मोल पटलेले होते, हे देशाचे भाग्य म्हणावयाचे.

परंतु शिते कोणती घ्यावयाची, यालाही महत्त्व आहे. भांड्याच्या तळाशी भात करपलेला आणि वर कच्चा असू शकतो. तसेच पाहणीसाठी सडकेलगतचीच गावे घेतली, तर डोंगरातील पाड्यांची स्थिती कशी कळणार? म्हणून गावे सोयीनुसार निवडीत नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ती निवडतात. ज्या गावाची चिठ्ठी निघेल, तेथे गेलेच पाहिजे, मग वाट कितीही बिकट असो. सरकारचा पैसा कशावर खर्च होतो, ते आता तुमच्या लक्षात येईल. दूरच्या गावी माणूस पाठविणे, त्याला काम शिकविणे, त्याने आणलेली माहिती तपासणे आणि तिची बेरीज मांडणे, यांसाठी तो लागतो. पैसा अपुरा पडला, तर प्रथम वगळली जातात ती दूरची गावे. म्हणजे ज्यांची हाक आधीच कोणाला ऐकू जात नाही, तीच!

मग आईने सांगितलेल्या तेला-मिठाचे पुढे काय होते? कुटुंबे कोणत्या वस्तूंवर किती खर्च करतात, हे अशा पाहण्यांतून कळते. त्यावरून वस्तूंची एक यादी ठरते आणि तिच्या भावांवरून महागाई किती वाढली ते मोजतात. नोकरवर्गाचा महागाई भत्ता या मोजणीवर ठरतो. केंद्राच्या करांतील वाटा राज्यांना देताना वित्त आयोग दरडोई उत्पन्न विचारात घेतो. म्हणजे एक आकडा चुकला, तर एखाद्याच्या ताटातील घास कमी होऊ शकतो.

कोणी म्हणेल, ज्यांना आकडे हवेत त्या व्यापाऱ्यांनीच खर्च करावा. पण व्यापारी मोजील ते आपल्या कामापुरते, आणि ते ठेवील आपल्या तिजोरीत. रस्त्यावरचा दिवा साऱ्या वाटसरूंसाठी असतो. म्हणून त्याच्या तेलाचा खर्च गावाने मिळून करावयाचा असतो. देशाची आकडेवारी हा असाच दिवा आहे.

यात एक धोकाही आहे. जो पैसा देतो, त्याला आपल्या सोयीचे उत्तर हवेसे वाटते. दुकानदाराच्या तराजूसाठी पैसे कोणीही दिलेले असोत, पारड्यावर कोणाचे बोट असता कामा नये. आकडा सरकारला शोभणारा असो वा खाली मान घालावयास लावणारा असो, तो जसा असेल तसा बाहेर आला पाहिजे. महत्त्वाचे आकडे कोणत्या दिवशी प्रसिद्ध होतील, हे आता आगाऊ जाहीर केले जाते, ते याच हेतूने. २००५ साली सरकारने राष्ट्रीय सांख्यिकी आयोग नेमण्याचा ठराव केला, त्यामागेही आकडेवारीवर लोकांचा विश्वास असावा हाच विचार होता.

महालनोबिसांचा जन्मदिवस, २९ जून, हा २००७ पासून आपल्या देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी थोर शास्त्रज्ञाचे स्मरण आपण करावेच; पण उन्हातान्हात वही घेऊन हिंडणाऱ्या त्या अनामिक अन्वेषकांचेही करावे. मुलांनो, उद्या त्यांच्यापैकी कोणी तुमच्या दारी आले, तर त्यांना पाणी द्या आणि घरातील वडीलधाऱ्यांना सांगा, की जे असेल ते खरे सांगावे. सरकारने पैसा दिला, संख्याशास्त्राने रीत दिली, तरी खरे उत्तर देणे हे शेवटी आपल्याच हाती आहे.