दहा पौंडांत ऑस्ट्रेलिया

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती आणि ब्रिटनमध्ये रेशनिंग व घरटंचाईने लोक गांजले होते. त्यातून सवलतीच्या प्रवासाची योजना निघाली: प्रौढाला भाडे फक्त १० पौंड, मुले फुकट. दोन वर्षांच्या आत परतायचे तर सवलतीची रक्कम सरकारला फेडायची. दहा लाखांहून अधिक ब्रिटिश या मार्गाने गेले. दारे मात्र गोऱ्यांसाठीच उघडी होती, हे विसरता कामा नये.

जाहिरातींत ऊन आणि समुद्रकिनारा असे. प्रत्यक्षात अनेकांचा संसार सुरू झाला तो सरकारी वसतिगृहांतल्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत. उन्हाळ्यात पत्रा तापे. न्हाणीघर सामायिक, जेवण मोठ्या भोजनगृहात आणि त्यात वरचेवर मटण. बहुतेक ठिकाणी खोलीत स्वयंपाकाला बंदी होती. नवऱ्याला कारखान्यात, मुलांना शाळेत नवे जग मिळे. स्वतःची चूलही नसलेल्या बाईचा दिवस मात्र सरता सरत नसे. घरची ओढ तिला अधिक लागली, यात नवल नाही.

पुढे भाड्याचे किंवा हप्त्यांचे घर मिळे. ॲडलेडजवळचे १९५५ मध्ये वसवलेले एलिझाबेथ हे उपनगर अशाच कुटुंबांनी भरले. होल्डन मोटारींच्या कारखान्यात अनेकांना काम मिळाले. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड १९६६ मध्ये लहानपणी वेल्सहून ॲडलेडला आल्या होत्या. त्यांच्या छातीच्या आजाराला उबदार हवा मानवेल, असा डॉक्टरांचा सल्ला होता.

या योजनेतून गेलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक मायदेशी परतले. त्यांतले कित्येक काही काळाने पुन्हा ऑस्ट्रेलियात आले.