गोल्फ : 'डोक्या'ने खेळायचा खेळ

बॅटच्या मध्यावर बसलेला चेंडू आणि कडेला लागलेला चेंडू यांतला फरक गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या फटक्यात हाताला काही जाणवतही नाही. दुसऱ्यात मनगटापर्यंत झिणझिण्या येतात आणि चेंडू जेमतेम समोर पडतो. गोल्फमध्ये चेंडू जागच्या जागी स्थिर असतो, तरीही हौशी खेळाडूंचे बरेचसे फटके मध्यावर बसत नाहीत. मीटरभराहून लांब दांडा, त्याच्या टोकाला ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारे धातूचे डोके आणि समोर जेमतेम ४३ मिलिमीटर व्यासाचा चेंडू. थोडी चूक होणारच. या चुकीची शिक्षा कमी कशी करता येईल, हा क्लबच्या डोक्याची रचना करणाऱ्या अभियंत्यांपुढचा मुख्य प्रश्न. त्याची उत्तरे इतकी प्रभावी ठरली, की नियम करणाऱ्यांना मर्यादा घालाव्या लागल्या. त्यांपैकी एका उत्तराची दखल तर कानाच्या डॉक्टरांनीही घेतली.

अर्ध्या मिलिसेकंदाची भेट

क्लबचे डोके आणि चेंडू यांची भेट सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकते. हाताला धक्का जाणवेपर्यंत चेंडू निघूनही गेलेला असतो. म्हणजे त्या क्षणी खेळाडूला काहीही सुधारता येत नाही. डोक्याचा वेग, त्याच्या दर्शनी पृष्ठभागाची दिशा, त्याचा वरच्या बाजूला असलेला कल म्हणजे 'लॉफ्ट' आणि चेंडू नेमका कुठे लागला, एवढ्यावरच पुढचे सारे ठरते.

लांब फटक्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्रायव्हरचे डोके साधारण २०० ग्रॅमचे असते आणि चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली की हलकी वस्तू अधिक वेगाने उडते. त्यामुळे चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या जवळपास दीडपट होऊ शकतो. मात्र, हे फटका मध्यावर बसला तर. चेंडू कडेला लागला, की डोके गर्रकन वळते. काही ऊर्जा त्या वळण्यात खर्च होते आणि चेंडूची दिशाही बिघडते.

लाकडाकडून टायटॅनियमकडे

विसाव्या शतकात दीर्घकाळ ड्रायव्हरचे डोके पर्सिमनच्या लाकडाचे असे. विडीसाठी ज्याची पाने वापरतात त्या आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या कुळातलेच हे झाड. लाकूड कठीण आणि चिवट, पण भरीव. त्यामुळे डोके लहान ठेवावे लागे आणि वजन मध्याभोवती एकवटलेले राही. १९७९ मध्ये अमेरिकेत टेलरमेड कंपनीने स्टेनलेस स्टीलचे पोकळ डोके बाजारात आणले. पोकळ डोक्यात वजन आपोआप कडेच्या भिंतींकडे जाते, आणि खरी गोम इथेच आहे.

दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातात आडवी लांब काठी धरते. काठीचे वजन शरीरापासून दूर पसरलेले असल्याने तोल गेला तरी ती पटकन कलंडत नाही. सावरायला वेळ मिळतो. वजन मध्यापासून जितके दूर, तितका वळण्याला विरोध अधिक. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. क्लबच्या कडेला वजन असेल, तर मध्य चुकलेला फटकाही डोक्याला फारसा वळवू शकत नाही.

मग डोके मोठे होत गेले. कॅलवे कंपनीचा १९९१ मधला 'बिग बर्था' हा पोलादी ड्रायव्हर १९० घन सेंटिमीटरचा होता आणि त्या काळी तो अवाढव्य वाटला. पुढे टायटॅनियम आले. त्याची घनता पोलादाच्या साधारण साठ टक्के, पण मजबुती भरपूर. त्यामुळे वजन न वाढवता आकार वाढवता आला. आज नियमाने कमाल मर्यादा ४६० घन सेंटिमीटर आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीहून थोडे कमी.

ड्रायव्हरचा दर्शनी पृष्ठभाग किंचित फुगीर असतो, त्यालाही कारण आहे. डोक्याचा गुरुत्वमध्य पृष्ठभागाच्या बराच मागे असतो. चेंडू टोकाकडे लागला, की डोके एका बाजूला वळते आणि एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांप्रमाणे चेंडूला उलटी फिरकी देते. फुगीरपणामुळे चेंडू आधी थोडा बाहेर जातो आणि या फिरकीमुळे पुन्हा आत वळतो. एक चूक दुसरीला सावरते.

उसळी आणि नियम

टायटॅनियमचा पृष्ठभाग पातळ ठेवता येतो. फटक्यात चेंडू चेपला जातो आणि पूर्ववत होताना त्यातली बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पृष्ठभागच थोडा आत दबला, तर चेंडू कमी चेपतो. धातू मात्र आपली ऊर्जा जवळजवळ पूर्ण परत करतो. जणू चेंडूखाली स्प्रिंग असते.

ही उसळी अशीच वाढत गेली असती, तर मैदाने अपुरी पडली असती आणि कौशल्यापेक्षा खरेदीला महत्त्व आले असते. म्हणून यूएसजीए आणि आर अँड ए या नियामक संस्थांनी लगाम घातला. पोलादी गोळा असलेला छोटा लंबक क्लबवर आदळवून त्यांचा स्पर्श किती काळ टिकतो, हे मोजले जाते. पृष्ठभाग जितका लवचीक, तितका स्पर्श लांबतो. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, अधिक १८ मायक्रोसेकंदांची सूट. जडत्व आघूर्णावरही ५,९०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटरची मर्यादा आहे.

छोटा फटका, मोठा फरक

कडेला वजन देण्याची कल्पना रुजली ती लांब फटक्यांआधी पटरमध्ये. नॉर्वेत जन्मलेले कार्स्टन सोलहाइम हे जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता होते आणि गोल्फकडे वळले ते वयाच्या चाळिशीनंतर. चेंडू हळूच ढकलताना पटर वळतो, हे पाहून त्यांनी १९५९ मध्ये दोन्ही टोकांना वजन असलेला पटर बनवला. फटक्याला 'पिंग' असा आवाज येई. तेच त्याचे नाव झाले.

७२ फटक्यांच्या प्रमाणित फेरीत निम्मे, म्हणजे ३६ फटके पटरचे धरलेले असतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताची अदिती अशोक लांब फटक्यांत बऱ्याच जणींच्या मागे होती, तरी पटरच्या जोरावर ती चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले.

कानाचा प्रश्न

पातळ पत्र्याचे मोठे पोकळ डोके घागरीसारखे वाजते. २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ५५ वर्षांच्या एका गोल्फपटूची नोंद प्रसिद्ध झाली. उजव्या कानात सतत आवाज येणे आणि ऐकू कमी येणे, अशा त्याच्या तक्रारी होत्या. तो आठवड्यातून तीनदा पातळ पृष्ठभागाच्या टायटॅनियम ड्रायव्हरने खेळत असे. डॉक्टरांनी अशा क्लबांचे आवाज मोजले, तेव्हा ते जाड पृष्ठभागाच्या पोलादी क्लबांपेक्षा मोठे आढळले. एका रुग्णावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. मात्र, मोठ्या आवाजाने आतल्या कानातील संवेदी पेशी एकदा नष्ट झाल्या, की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. छताखालच्या सराव केंद्रात एकामागून एक शंभर चेंडू मारणाऱ्याने कानात बोळे घातले, तर नुकसान काहीच नाही. खेळून आल्यावर कानात गुणगुण राहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घेणे शहाणपणाचे.

नव्याने खेळू लागणाऱ्याने क्लब निवडताना मोठे, कडेला वजन असलेले डोके घ्यावे. हाताचा वेग कमी असेल, तर लॉफ्ट थोडा जास्त असावा, म्हणजे चेंडू हवेत अधिक काळ राहतो. उसळीची मर्यादा मात्र सर्वांना सारखीच असल्याने महागडा क्लब चेंडूला नियमापलीकडे नेऊ शकत नाही. चांगली रचना चुकलेल्या फटक्याचा तोटा कमी करते. चेंडू मध्यावर बसवण्याचे काम सरावाकडेच राहते.