स्वतंत्र लाँच ठरवण्यापूर्वी

पावसाळा सरला, कासच्या फुलांचा हंगाम ओसरला, की आमच्या सातारा भागातील सहलींचा मोर्चा बामणोली आणि तापोळ्याकडे वळतो. शिवसागर तुडुंब भरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि हवेत नुकता गारवा आलेला असतो. अशा वेळी दोन-चार घरची मंडळी मिळून दिवसभरासाठी स्वतंत्र लाँच ठरवतात. भाडे वाटून घेतले की फारसे जड जात नाही. अनोळखी माणसांची गर्दी नाही, हवे तिथे उतरा, हवे तेवढे थांबा. 'डॉक्टर, आईला बरोबर नेले तर चालेल ना?' हा प्रश्न नोव्हेंबरपासून मेपर्यंत मला दवाखान्यात वरचेवर ऐकावा लागतो.

माझे उत्तर बहुतेक वेळा 'खुशाल न्या' असेच असते. वर्षभर टीव्हीसमोर बसून गुडघे धरून गेलेल्या माणसाला चार तास पाण्यावरची हवा मिळाली तर त्याचे भलेच होते. झोप लागते, भूक लागते, नातवंडांशी बोलणे होते. यातले एकही औषध मला कागदावर लिहून देता येत नाही. तरीही 'न्या' म्हटल्यावर मी त्या मंडळींना पाच मिनिटे बसवून घेतो. त्या पाच मिनिटांत जे सांगतो ते आज येथे जरा विस्ताराने लिहितो.

कोयनेवर धरण झाले आणि १९६० च्या दशकात सुमारे ५० किलोमीटर लांबीचा हा जलाशय तयार झाला. तापोळ्याजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची पात्रे एकमेकांत मिसळून गेली. कितीतरी गावे, शेते, देवळे पाण्याखाली गेली आणि पलीकडे उरलेल्या वाड्यांना लाँच हीच एसटी झाली. बाजारहाट, शाळा, लग्नाचे वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, साप चावलेला शेतकरी, सगळे याच लाँचने अलीकडे आले. त्या गावच्या प्रवाशांना लाँचमध्ये बसलेले कधी नीट पाहा. बायका मधोमध खाली बसतात, बोचकी पायाशी ठेवतात, मुले मांडीवर घेतात. चालवणाऱ्याने 'हला तिकडं' म्हटले की निमूट हलतात. तिथे लाँचवाला मालक असतो.

स्वतंत्र लाँचमध्ये नेमके उलटे होते. पैसे आपण मोजलेले असतात, म्हणून मालक आपण होतो. आठ माणसांची लाँच असेल तर 'दोन पोरंच तर आहेत जास्तीची' म्हणून दहा चढतात. टपावर उभे राहून फोटो काढले जातात. 'मामा, जरा जोरात घ्या', 'मामा, तिकडून वळवा', 'अजून अर्धा तास थांबू हो' असे हुकूम सुटतात. मामांचे हातावर पोट असते, ते नाही म्हणायला कचरतात. माझ्या मते स्वतंत्र सहलीतला सगळ्यात मोठा धोका पाणी किंवा वारा हा नसून आपली ही साहेबी आहे. लाँच ठरवतानाच मामांना सर्वांदेखत सांगून टाकावे, की किती माणसे घ्यायची, कुठे बसायचे आणि परत कधी फिरायचे, हे तुम्ही ठरवायचे.

हे मी उगाच सांगत नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या पेरियार जलाशयात पर्यटकांची बोट उलटून ४५ माणसे गेली. काठावरची जनावरे पाहायला प्रवासी एकाच बाजूला सरकले, असे त्या वेळी सांगितले गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत माणसे जास्त होती आणि बहुतेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. त्याच वर्षी २१ मे रोजी आपल्या उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि ६ जण दगावले, त्यात लहान मुलेही होती. हरणीचा तलाव तर शहरातलाच आहे. काठ डोळ्यांसमोर दिसत असतानाही माणूस बुडतो, एवढे यातून घ्यावे.

उजनीच्या दुर्घटनेतला महिना लक्षात ठेवण्यासारखा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग भरतात, तासाभरात वारा सुटतो आणि आरशासारख्या पाण्यावर लाटा उठतात. उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असल्याने विजेचे भयही मोठे. उन्हाळ्यात जायचेच तर सकाळी लवकर निघावे आणि दुपारी दोनच्या आत काठाला लागावे. आकाश काळवंडलेले दिसले की भाड्याचे पैसे वसूल झाले की नाही याचा हिशेब करत बसू नये.

आता जाकिटाविषयी. लाँचमध्ये जाकिटे असतात, पण लोक ती बाकावर टाकून त्यांच्यावर बसतात, कारण फळी टोचते! काही जण गळ्यात अडकवतात आणि पट्टे सोडून देतात, फोटो चांगला येत नाही म्हणून. पट्टे न बांधलेले जाकीट पाण्यात पडताक्षणी वर सरकते, त्याचा उपयोग शून्य. मुलाला मोठ्या माणसाचे जाकीट घातले तर मूल त्यातून खाली निसटते. घालून झाल्यावर दोन्ही खांद्यांना धरून जाकीट वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर येत असेल तर पट्टे आणखी आवळावेत किंवा लहान मापाचे मागावे. मुलांच्या मापाचे नसेल तर त्या लाँचने जाऊ नये, दुसरी पाहावी. साडीबद्दलही सांगतो. भिजलेली साडी पायांत गुंडाळते आणि पोहता येणाऱ्या बाईलाही पाय मारू देत नाही. एक दिवस पंजाबी ड्रेस घातला म्हणून आजींना कोणी नावे ठेवणार नाही.

लोकांचा समज असा, की बुडणारा माणूस हात हलवतो आणि 'वाचवा, वाचवा' ओरडतो. सिनेमात तसे दाखवतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही शेजारची तीन कुटुंबे बामणोलीहून स्वतंत्र लाँच घेऊन गेलो होतो. जेवायला पलीकडच्या काठाला उतरलो. मुले गुडघाभर पाण्यात खेळत होती, आम्ही मोठी माणसे दहा पावलांवर सतरंजी पसरत होतो. धरणाचा काठ म्हणजे चौपाटी नव्हे. तो मुळात डोंगराचा उतार असतो, त्यात जुन्या शेताचे बांध, झाडांचे बुंधे आणि गाळ असतो. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की डोक्यावरून पाणी. शेजाऱ्यांचा नऊ वर्षांचा मुलगा ते एक पाऊल पुढे गेला. आवाज नाही, पाण्याचा खळखळाट नाही. शेजारी खेळणाऱ्या त्याच्या बहिणीलाही कळले नाही. लाँचवर बसलेल्या मामांनी पाहिले आणि कमरेला दोर बांधून, दुसरे टोक पोराच्या काकांच्या हाती देऊन उडी टाकली.

मूल वर आले तेव्हा निळे पडले होते, श्वास चालू नव्हता. काकांनी त्याला पाय धरून उलटे करायला घेतले. मी मूल त्यांच्या हातून घेतले, सपाट जागी उताणे ठेवले आणि तोंडाने श्वास दिला. चौथ्या की पाचव्या श्वासाला ते खोकले, ओकले आणि रडले. नंतर मामा विडी पेटवत म्हणाले, "आवं डॉक्टर, बुडनारं मानूस वरडत न्हाई. वरडायला वारा लागतो की छातीत." वैद्यकीय पुस्तकात हेच दोन पाने भरून लिहिलेले असते.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. दहा मिनिटांत मुलगा बोलायला लागला, बिस्कीट मागू लागला. त्याचे वडील म्हणाले, "देवाची कृपा, आता घरी जाऊ, उगाच ॲडमिट कशाला?" मी आग्रहाने त्याला थेट साताऱ्याला रुग्णालयात पाठवले. रात्री नऊच्या सुमारास त्याला धाप लागली आणि दोन दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. फुफ्फुसात गेलेले थोडेसे पाणीही आतल्या नाजूक पडद्याला इजा करते आणि त्याचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो. म्हणून पाण्यातून बेशुद्ध काढलेला किंवा खोकत, धापा टाकत वर आलेला माणूस कितीही ठणठणीत दिसला, तरी त्याला निदान सहा ते आठ तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवलेच पाहिजे.

उलटे टांगणे, पोट दाबणे, खांद्यावर टाकून पळणे, हे आपल्याकडचे जुने उपाय. ते सोडून द्या. त्याने फुफ्फुसातले पाणी फारसे निघत नाही. पोटातले मात्र वर येते आणि तेच श्वासनलिकेत जाते. बुडालेल्याचा प्रश्न पाण्यापेक्षा प्राणवायूचा असतो. प्राणवायूवाचून मेंदू चार-पाच मिनिटेच तग धरतो, म्हणून ती मिनिटे उलटसुलट करण्यात घालवू नयेत. उताणे निजवा, डोके किंचित मागे करून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून छाती वर येईल इतपत पाच वेळा हवा फुंका. तरीही हालचाल व श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर तळहाताने जोरात दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने. मोठ्या माणसाची छाती प्रत्येक वेळी दोन इंच तरी खाली गेली पाहिजे. तीस दाबांनंतर दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. ती गाडी काठापर्यंतच येणार, आणि खोऱ्यात सगळीकडे मोबाईलची रेंज मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो, की एक बुडाला आणि त्याला वाचवायला गेलेले दोघेही बुडाले. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो. म्हणून पोहता येत असले तरी मोकळ्या हाताने उडी टाकू नये. दोर, ओढणी, सोडलेले धोतर, लांब काठी पुढे करावी. बूच लावलेला रिकामा कॅन फेकला तरी माणूस त्याच्यावर तरंगतो. मामांनी आधी दोर बांधला, त्यात पाच सेकंद गेले असतील, पण ते स्वतः परत आले.

आता तब्येतीच्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. ज्यांना कासच्या वळणांतच उलटी होते त्यांनी निघण्याआधी तासभर एव्होमिनसारखी गोळी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही. गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. दोन वर्षांखालील मुलांना ती देऊच नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आधी विचारावे. दारू पिऊन तर ती मुळीच नको, आणि खरे तर लाँचवर दारूच नको. लाँचमध्ये मधोमध बसावे, इंजिनाच्या धुराकडे पाठ करू नये तर त्यापासून लांबच बसावे, आणि मोबाईलमध्ये डोके न घालता दूरच्या डोंगराकडे पाहावे.

बायकांची एक अडचण कोणी बोलत नाही. लाँचवर संडास-मुतारीची सोय नसते, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वरून ऊन, पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन वेगळेच, आणि घशाखाली घोटही नाही. मंगळवारी लघवीला जळजळ म्हणून दवाखान्यात येतात तेव्हा मी विचारतो, "रविवारी बामणोलीला गेला होतात का?" आणि त्या चकित होतात. स्वतंत्र लाँचचा फायदा इथे घ्यावा. दर दीड-दोन तासांनी आडोशाच्या काठाला लाँच लावायला मामांना आधीच सांगून ठेवावे. हे सांगणे घरातल्या पुरुषाने करावे, बायकांना संकोच वाटतो. पाणी मात्र घरचे न्यावे. जलाशयाचे पाणी कितीही निळे दिसो, कावीळ आणि विषमज्वर रंग पाहून येत नाहीत.

मधुमेहाच्या रुग्णांनी घड्याळ सांभाळावे. सकाळी सातला गोळी किंवा इन्सुलिन घेतले, दोन इडल्या खाल्ल्या, आणि जेवण 'पलीकडे पोचल्यावर करू' म्हणत तीन वाजले, की साखर खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिड करतो. घरच्यांना वाटते ऊन लागले. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, ठसका लागून गुदमरेल.

राहिला आईचा प्रश्न. हृदयविकार असलेल्या माणसाला मी एकच विचारतो: न थांबता दोन जिने चढता येतात का? येत असतील, रक्तदाब आटोक्यात असेल आणि अलीकडे झटका वा अँजिओप्लास्टी झालेली नसेल, तर लाँचमध्ये बसून फिरायला हरकत नाही. रोजच्या गोळ्या आणि जिभेखालची सॉर्बिट्रेट स्वतःच्या खिशात ठेवावी, मागे गाडीत राहिलेल्या पिशवीत नव्हे. छातीत दुखले तर ती बसूनच घ्यावी, उभ्याने घेतल्यास चक्कर येते. वासोट्याचा चढ मात्र त्यांनी करू नये. त्या पायथ्यापासून बामणोली लाँचने तासाहून जास्त, तिथून पुढे सातारा घाटरस्त्याने आणखी तासभर. मंडळी वर जाऊन येईपर्यंत आईने खाली सावलीत बसावे, आणि तिच्यासोबत फोन व गोळ्या घेऊन एक जाणता माणूस मागे राहावा. कोण राहणार, हे लाँचमध्ये चढण्यापूर्वीच ठरवावे, कारण पायथ्याशी पोचल्यावर कोणीच तयार नसते.