कुरकुरणारी साखळी आणि केळीच्या सालीची राख

सायकलची साखळी कुरकुरायला लागली की तुम्ही काय करता? दोन थेंब तेल सोडता, आणि कुरकुर गप्प! आपल्या वाळूजच्या एमआयडीसीत तर केवढाली यंत्रं फिरत असतात. लोखंडावर लोखंड घासलं तर तापणार, झिजणार. म्हणून त्यांनाही तेल लागतं. त्याला म्हणतात वंगण.

हे वंगण बहुतेक वेळा खनिज तेलापासून बनतं. ते सांडलं तर मातीत कितीतरी काळ तसंच राहतं. पावसात नाल्यात जातं. नाला खाम नदीला, खाम गोदावरीला. आणि आपल्या नळाला पाणी येतं ते गोदावरीवरच्या जायकवाडी धरणातून!

मग झाडांचं तेल वापरलं तर? आजोबांना विचारा, बैलगाडीच्या चाकात एरंडेल घालत असत. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांच्या इंजिनांतही एरंडेलच होतं. बैलगाडीत आणि विमानात एकच तेल, मला तर याचं फार नवल वाटतं.

वनस्पती तेलाचा एक रेणू डोळ्यांसमोर आणा. ग्लिसरीनचा छोटासा कणा आणि त्याला लागलेल्या तीन लांब शेपट्या. कण्याकडची बाजू धातूला घट्ट धरते, शेपट्या बाहेर डोलतात. लोखंडावर जणू मऊ गवत उगवतं! शिवाय मातीतल्या जिवाणूंना हे तेल म्हणजे जेवणच. एखादं तेल लवकर कुजतं का हे ठरवायची एक चाचणी 28 दिवस चालते. तेवढ्यात जिवाणूंनी निदान 60 टक्के तेल फस्त करावं लागतं.

पण एक अडचण आहे. फार तापलं की हा कणा तुटतो. म्हणून शास्त्रज्ञ शेपट्या तशाच ठेवतात आणि कणा बदलतात. नव्या दणकट कण्याचं नाव आहे ट्रायमिथायलॉलप्रोपेन. (एका दमात म्हणून बघा!) पण शेपट्या जुना कणा सहजी सोडत नाहीत. तिथे उत्प्रेरक लागतो. तो सोडवतो, जोडून देतो आणि स्वतः मात्र खर्च होत नाही.

आणि हा उत्प्रेरक केळीच्या सालीच्या राखेपासूनही बनवता येतो! केळीच्या झाडाला पोटॅशियम फार आवडतं. साल जाळली की ते राखेत उरतं, मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटच्या रूपात. तुराट्यांच्या आणि पळाट्यांच्या राखेतही पोटॅशियम असतं. आजी चुलीतल्या राखेनं भांडी घासायची ना? तेलकटपणा निघायचा तो या क्षारामुळेच. पोटॅशियमचं नावसुद्धा राखेवरूनच पडलं. पोटॅश म्हणजे भांड्यातली राख. 1807 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी त्यातूनच हा धातू वेगळा केला.

राखेची ही ताकद घरी पाहायची? मोठ्या माणसाला सोबत घ्या. केळीची वाळलेली साल जाळून घ्या, गार झालेली राख पाण्यात ढवळा आणि वरची निवळी वेगळी काढा. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका. पांढऱ्या कागदावर ओली हळद चोळून वाळवा. आता निवळीचा एक थेंब त्यावर सोडा आणि बघा, पिवळ्या कागदावर कुंकवासारखा लाल ठिपका!