मुळावरच्या गाठी

सोयाबीनची मुळं पाहायची तर रोप उपटू नये. उपटलं की कामाच्या गाठी मातीतच राहतात आणि हाती येतं नुसतं सोटमूळ. लातूरकडच्या काळ्या रानात वाफसा असताना रोपाभोवती वीतभर अंतर सोडून कुदळीनं मातीसकट ते उचलायचं, बादलीत बुडवून ठेवायचं आणि माती आपोआप सुटू द्यायची.

पेरणीला पाच-सहा आठवडे होऊन फुलं लागू लागली की ही पाहणी करावी. सोटमुळाच्या वरच्या भागात मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गोल गाठी चिकटलेल्या दिसतात. नखानं ढकलली की गाठ निघून येते. सूत्रकृमीची गाठ अशी निघत नाही, कारण तिथं मूळच सुजलेलं असतं.

पण गाठी मोजून भागत नाही, कापून पाहाव्या लागतात. ब्लेडनं चिरलेली गाठ आतून गुलाबी-लाल निघाली की मला दरवेळी तितकाच आनंद होतो. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा. हवेतला नत्र पिकाच्या उपयोगी रूपात आणणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं; पण ते चालवणाऱ्या जीवाणूला श्वासासाठी ऑक्सिजन तर हवाच. लेगहिमोग्लोबिन तो मोकळा फिरू देत नाही, धरून थेट जीवाणूपर्यंत पोचवतं. आतून पांढरी गाठ कोवळी असते किंवा निरुपयोगी. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलेलं.

रोप आणि जीवाणू यांच्या या भागीदारीची सुरुवात मूळ करतं. सोयाबीनच्या मुळातून जेनिस्टीन, डाइडझीन ही द्रव्यं पाझरतात. ब्रॅडीरायझोबियम जीवाणू ती ओळखतात आणि स्वतःचं संकेतद्रव्य सोडतात. मग मूलरोमाचं टोक वळतं, जीवाणू त्या वळणात अडकतो आणि रोमाच्या आत तयार होणाऱ्या बारीक नळीतून मुळात शिरतो. ही ओळख इतकी नेमकी असते की हरभऱ्याचे जीवाणू सोयाबीनच्या कामाचे नाहीत. म्हणून बियाण्याला लावायचं जीवाणू संवर्धक पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्यावं. सोयाबीन आपल्याकडे बाहेरून आलेलं पीक. ज्या रानात ते कधी घेतलेलंच नाही, तिथं त्याचे जीवाणू मातीत असतीलच असं नाही, म्हणून तिथं तर ही बीजप्रक्रिया टाळूच नये.

दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक, गूळ उकळून पूर्ण गार केलेल्या पाण्यात कालवून. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जीवाणू शेवटी. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं. ताडपत्रीवर बियाणं घोळवणाऱ्या एका बाईंनी मला हात लावू दिला, पण बजावून: "जोरात चोळू नका ताई, साल निघाली की उगवत नाही."

रोप जीवाणूला साखर देतं, पण हिशेबानं. संशोधक टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून त्याजागी आर्गॉन वायू सोडला. जीवाणू तेच, पण आता नत्र देऊ शकत नव्हते. अशा गाठींमध्ये त्यांची वाढ खुंटली. रोपानं त्यांचा ऑक्सिजन आखडता घेतल्याची चिन्हं दिसली.

याच हिशेबात युरिया बसतो. मुळाला आयता नत्र मिळाला की ते गाठी पोसायला तयार होत नाही. पेरणीच्या वेळी शिफारशीएवढा नत्र ठीक, कारण तेव्हा गाठी नसतात. पण पीक पिवळं दिसलं की न पाहताच युरिया फेकायचा, हे मला अजिबात पटत नाही. काळ्या रानात पिवळेपणा पुष्कळदा लोहाच्या कमतरतेनं येतो किंवा पाणी साचल्यानं. साचलेल्या पाण्यात गाठींना हवा मिळत नाही आणि त्यांचं काम थंडावतं. तिथं आधी चर काढून पाणी वाहतं करावं. जमीन वाफशावर आली की पुन्हा एखादं रोप खणून पाहावं. सोटमुळावर काही दिसलं नाही तरी बाजूच्या मुळांवरच्या नव्या गाठी शोधाव्यात आणि त्याही चिरून बघाव्यात.